जुनं इंजिन उघडलंय? आधी काय ठेवायचं ते ठरवा

जुनी गाडी हातात आली की बरेच गॅरेजवाले म्हणतात, "सगळं नवीन टाकू." बिल मोठं होतं, पण गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

यामाहा आरएक्स १०० घ्या. क्रँककेस ओरिजिनलच ठेवा. त्यावरचा इंजिन नंबर आरसीशी जुळला पाहिजे. तो गेला की गाडीची किंमत गेली. ब्लॉक झिजलाय? फेकू नका, रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवा.

पण बेअरिंग, ऑइल सील, गॅस्केट नवीनच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गेलं की हवा आत शिरते, पेट्रोल-ऑइल कमी पडतं, पिस्टन जाम होतो. तिथे ओरिजिनलचा हट्ट नको.

काय ठेवलं, काय बदललं ते बिलावर लिहा, काढलेले पार्ट परत द्या. धंदा विश्वासावरच चालतो.