चीर लहान असते तेव्हाच



मुंबईत दादर आणि परळ यांच्या मध्ये हिंदमाता नावाचा भाग आहे. जोराचा पाऊस झाला की तेथे पाणी तुंबते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे नाव येते. पण आपल्याकडच्या पुष्कळ घरांना हिंदमाता ठाऊक आहे ती तेथल्या कापडबाजारामुळे. मुलगा मुंबईला नोकरीस असला आणि लग्न ठरले, की बस्ता बांधायला मंडळी तिकडे जातात. तेथला दुकानदार कापड कसे फाडतो ते तुम्ही पाहिले असेल. तो कापड मोजतो, कडेला कात्रीने बोटाच्या पेराएवढी चीर देतो आणि दोन्ही हातांनी ओढतो. टर्रकन सरळ रेघेत कापड फाटत जाते. ती चीर दिली नाही, तर दोन तगडे गडी ओढायला लागले तरी कापड दाद देत नाही. चीर दिली, की लहान पोरही ते फाडते. आणि फाटत फाटत आले, की जाड विणीच्या काठाशी अडते. तेथे पुन्हा कात्री लावावी लागते.

आजची गोष्ट विमानाची आहे. पण ती समजायला ही चीर आणि हा काठ एवढेच ध्यानात ठेवा.

तुम्ही म्हणाल, आम्हा शेतकऱ्यांना विमानाशी काय कर्तव्य? पूर्वी हे म्हणणे खरे होते. आता कोणाचा मुलगा दुबईला, कोणाची सून बंगलोरला. काशीयात्रेलासुद्धा म्हातारी माणसे विमानाने जाऊन येतात. विमानाची काही वाईट बातमी आली की गावातल्या चार घरांत तरी चूल मंद होते. अशीच एक बातमी १ जुलै २०२५ रोजी आली. गोव्याहून पुण्याला येणाऱ्या स्पाइसजेटच्या पंख्याच्या विमानात आकाशातच एका खिडकीची चौकट निखळली. शेजारी बसलेल्यांच्या पोटात गोळा आला. पण ती आतल्या बाजूची, शोभेची चौकट होती. हवेचा दाब सांभाळणारी बाहेरची काच जागच्या जागी होती. विमान पुण्याला नीट उतरले. त्याआधी ९ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईहून भूजला निघालेल्या अलायन्स एअरच्या विमानाच्या इंजिनावरचे झाकण उड्डाण करतानाच धावपट्टीवर गळून पडले. विमान तसेच भूजला पोचले आणि आतली ७० माणसे सुखरूप उतरली.

या दोन्ही वेळी निभावले, कारण गळाले ते वरवरचे होते. पण विमानाचे अंगच फाटले तर? तेही घडलेले आहे.

आधी विमानाचे अंग म्हणजे काय ते पाहू. जेट विमान ३० ते ३५ हजार फुटांवरून जाते. तेथे हवा इतकी विरळ असते, की माणूस मिनिटभरात बेशुद्ध होईल. म्हणून आत हवा दाबून भरतात. आतली माणसे जणू ६ ते ८ हजार फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडी उंच बसलेली असतात. हा दाब नसला तर काय होते, ते २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या प्रवाशांना कळले. दाब राखणारी यंत्रणा चालू करायचे वैमानिकांकडून राहून गेले. तिसावर प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परत आणावे लागले.

तर विमानाचे अंग म्हणजे पंखांमध्ये बसवलेला एक मोठा प्रेशर कुकरच समजा. घरच्या कुकरच्या साधारण निम्मा दाब त्यात असतो. निम्माच म्हणून हलका समजू नका. चौरस फुटामागे पाच क्विंटलांचा रेटा आतून बाहेर बसतो. आणि तो सोसणारा पत्रा किती जाड? बोईंगच्या ७३७ जातीच्या विमानात पुष्कळ ठिकाणी तो एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. जाड केला तर विमान जड होईल, उडणार नाही.

प्रत्येक उड्डाणात हे अंग एकदा फुगते आणि उतरताना एकदा सैल होते. तारेच्या कुंपणाची तार तोडायची आहे आणि हाताशी पक्कड नाही, तेव्हा आपण ती एकाच जागी इकडून तिकडे वाकवतो. पहिल्या खेपेला काही होत नाही. दहाव्या-पंधराव्या खेपेला तार गरम होते आणि अचानक तुटते. धातूही थकतो. तो किती थकला हे वरून दिसत नाही, एवढाच त्याच्यात आणि बैलात फरक. बैल निदान मान टाकतो.

मुंबईने या थकव्याचा घाव सोसलेला आहे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या इंजिनातली एक चकती अशाच जुन्या चिरेतून फुटली. आग लागली आणि विमान धावपट्टीजवळ कोसळले. आतली ९५ माणसे गेली.

अंगाचा पत्रा थकतो हे जगाला पहिल्यांदा शिकवले कॉमेट विमानांनी. प्रवाशांना नेणारे हे पहिले जेट विमान इंग्रजांचे. १९५२ साली ते मुंबईमार्गे कोलंबोलाही जाऊ लागले होते. पण १० जानेवारी आणि ८ एप्रिल १९५४ रोजी दोन कॉमेट विमाने इटलीजवळ आकाशातच फुटली. एकात ३५ आणि दुसऱ्यात २१ माणसे होती. कोणी वाचले नाही. मग इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी एक अख्खे विमान पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवले, आत पाणी दाबून भरायचे आणि सोडायचे असे रात्रंदिवस चालवले. सुमारे तीन हजार फुगवण्यांनंतर त्याचे अंग एका कोपऱ्यातून फाटले. झबल्याचा गळा चौकोनी कापला तर कोपऱ्यातून उसवतो, हे आपल्या घरची बाई सांगू शकली असती. तेव्हापासून विमानाच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोल ठेवतात. आणि कापडाला जसा काठ, तशा पत्र्याच्या आतून ठराविक अंतरावर जाड पट्ट्या लावू लागले. चीर पडलीच, तरी पट्टीशी अडावी म्हणून.

आता मुख्य गोष्ट. २८ एप्रिल १९८८. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर अलोहा कंपनीचे एक ७३७ विमान हिलोहून होनोलुलूला निघाले. आत ९५ माणसे होती. विमान १९ वर्षांचे. तेथली उड्डाणे आपल्या तालुक्याच्या एस. टी.सारखी. अर्धा तास जायचे, उतरायचे, पुन्हा निघायचे. अशी जवळजवळ ९० हजार उड्डाणे त्याची झाली होती. म्हणजे ९० हजार वेळा अंग फुगले आणि सैल झाले. वर चारी बाजूंनी खारा वारा. कोकणात किनाऱ्यालगतच्या घराचे पत्रे किती वर्षे टिकतात ते तिकडच्या वाचकांना विचारा.

विमान २४ हजार फुटांवर पोचले आणि मोठा आवाज होऊन पुढच्या भागाचे छप्पर उडाले. थोडेथोडके नव्हे, सुमारे १८ फूट लांबीचे. वैमानिक रॉबर्ट शॉर्नस्टाइमर यांनी मागे वळून पाहिले, तर छताच्या जागी निळे आभाळ. त्या क्षणी एक हवाई सेविका दोन रांगांच्या मधल्या वाटेत उभी होती. ३७ वर्षे या कामात घालवलेली बाई. ती बाहेर ओढली गेली आणि पुन्हा सापडली नाही. बाकीची माणसे उघड्या आभाळाखाली, कान फाडणाऱ्या वाऱ्यात बसून राहिली, ती कमरेच्या पट्ट्यामुळे. शॉर्नस्टाइमर आणि त्यांच्या जोडीदार वैमानिक मॅडलिन टॉम्पकिन्स यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईना, म्हणून हातांच्या खुणांनी काम चालले. पुढे एक इंजिनही बंद पडले. तरी १३ मिनिटांत त्यांनी ते मोडके विमान जवळच्या माउई बेटावर उतरवले. ६५ जण जखमी झाले. पण त्या बाईखेरीज कोणाचा जीव गेला नाही.

मग पट्ट्यांनी चीर का अडवली नाही? चौकशीत निघाले ते असे. पत्र्यांचे जोड डिंकासारख्या लेपाने चिकटवून वर रिव्हेट मारले होते. लेपात ओल शिरली, गंज धरला आणि जोड सुटला. सारा भार रिव्हेटांवर आला. प्रत्येक रिव्हेटच्या भोकाशी एक बारीक चीर पडली. एकच चीर असती तर पट्टीने अडवली असती. पण येथे एका रांगेत पुष्कळ चिरा झाल्या. पोस्टाच्या तिकिटांचा ताव आठवा. भोकांची रांग असली की तिकीट कसे अलगद सुटते! तसे छप्पर सुटले. तपासणी होत नव्हती असे नाही. ती रात्रीच्या पाळीत व्हायची. एकसारख्या शेकडो रिव्हेटांवरून बॅटरीचा उजेड फिरवता फिरवता माणसाचे डोळे पाहतात, पण मन पाहत नाही. तपासणीची आणि दुरुस्तीची शिस्त ढिली होती, असा ठपका चौकशीने ठेवला. पुढे १९९१ साली अमेरिकेने जुन्या विमानांच्या तपासणीचा वेगळा कायदाच केला.

आणि आता ती बारीकशी गोष्ट, जिच्यासाठी हा सारा लेख. हिलोला विमानात चढताना एका प्रवासी बाईला दारापलीकडे पत्र्यावर रिव्हेटांच्या ओळीलगत गेलेली लांब चीर दिसली होती. तिने ती पाहिली, आत जाऊन बसली आणि कोणाजवळ बोलली नाही. पुढे चौकशीत तिनेच हे सांगितले.

तिला नावे ठेवू नका. आपण काय केले असते? एवढी मोठी कंपनी, एवढे शिकलेले वैमानिक, त्यांना दिसले नसेल का? आपण सांगितले तर हसतील. विमानाला उशीर झाला तर शंभर माणसे आपल्याकडे रागाने पाहतील. हेच विचार आपल्याही मनात आले असते.

जुनेच विमान असे फाटते असेही समजू नका. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या दोन-अडीच महिन्यांच्या कोऱ्या विमानाचे, दाराच्या जागी बसवलेले झाकण सुमारे १६ हजार फुटांवर उडून गेले. आतली १७७ माणसे वाचली. त्या भोकालगतच्या दोन जागा नशिबाने रिकाम्या होत्या. कारण काय? कारखान्यात दुरुस्तीसाठी ते झाकण काढले आणि परत बसवताना चार बोल्ट घालायचेच राहिले. एवढ्या माणसांच्या हाताखालून विमान गेले, पण बोल्ट आहेत का हे कोणी पाहिले नाही.

तेव्हा विमानाने जाणाऱ्या लेकरांना हे सांगा. दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा सोडू नये. वरून प्राणवायूचा मुखवटा खाली आला तर आधी स्वतःला लावावा, मग मुलाला. हे आईच्या काळजाविरुद्ध आहे खरे, पण आईच बेशुद्ध पडली तर मुलाला कोण लावणार? आणि काही वावगे दिसले तर सेविकेला सांगावे. एरवी घाबरू नये. अशा प्रत्येक घटनेतून विमान अधिक भक्कम होत आले आहे.

आणि घरी राहणाऱ्यांनी आपल्याकडे पाहावे. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लागतात. त्यांच्या हुकाची पिनही प्रत्येक झटक्याला त्या तारेसारखी वाकत असते. ती झिजली, की कोणी जाड खिळा घालतो, वरून तार पिळतो, आणि हंगाम काढतो. चढावर पिन तुटली की ट्रॉली मागे येते, आणि मागे सायकलवर शाळेची पोरे असतात. शाळेच्या भिंतीला तिरकी चीर गेलेली असते. पाझर तलावाच्या बांधाखाली नेहमीपेक्षा गढूळ पाणी झिरपत असते. जत्रेतल्या पाळण्याचा बोल्ट खुळखुळत असतो. कुकरचे झाकण घट्ट बसत नसते. हे कोणाला तरी दिसलेले असते. मागाहून सारे गाव म्हणते, मला वाटलेच होते.

वाटले होते, तर बोलायला हवे होते. सांगणाऱ्याने शिक्षण किती आणि वय किती हे पाहू नये. ऐकणाऱ्यानेही पाहू नये. बारा वर्षांच्या मुलाने ‘बाबा, पिन वाकलीय’ म्हटले तर त्याला गप्प बसवू नका, उतरून बघा. दहांतून नऊ वेळा काही निघणार नाही. त्या नऊ वेळाही त्याला शाबास म्हणा, म्हणजे दहाव्या वेळी तो बोलेल.