पोकळीची नाडीपरीक्षा

मोटार पेट्रोलवर चालते, हें शाळेंतील मूलहि सांगेल. परंतु तिच्या यंत्रांत निर्माण होणारी पोकळी केवढीं कामें करते, हें पुष्कळ मोटारमालकांनाहि ठाऊक नसतें. अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीनें १९६८ पासून १९८२ पर्यंत काढलेली कॉर्व्हेट ही शर्यती बाण्याची गाडी याचें उत्तम उदाहरण होय. तिचे पुढील दिवे दिवसा मिटलेले असतात आणि पापणी उघडावी तसे रात्रीं वर येतात. तें काम या पोकळीच्या ओढीनें होतें.

ही ओढ येते कोठून? दट्ट्या खालीं जातांना हवा आंत घेऊं पाहतो. परंतु चालकानें पाय उचललेला असतां कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळें मधल्या मार्गांत हवेचा दाब बाहेरच्याहून पुष्कळ कमी राहतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या सुमारें ३० इंचांइतका असतो. निरोगी यंत्र संथ फिरत असतां पोकळीमापकाचा कांटा साधारणतः १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. डेन्व्हरसारख्या मैलभर उंच शहरीं तो सुमारें ५ इंच उतरतो. तो कांहीं रोग नव्हे.

ही ओढ रबरी नळ्यांतून एका टांकींत साठविली जाते, एकमार्गी झडप तिला राखते आणि डबींतील पातळ पडदा तिच्या जोरावर दिवा उचलतो. रबर जुनें झालें कीं तडकतें. मग एक दिवा उघडतो, दुसरा अर्धवट मिटून राहतो, आणि यंत्रहि अडखळूं लागतें.

येथें आपलें न्यायशास्त्र उपयोगी पडतें. ‘कांटा खालीं आहे, अर्थात् गळती आहे’ हें अनुमान सदोष होय. ठिणगी उशिरा पडत असली तरी कांटा खालीं राहतो. शर्यतीसाठीं तीव्र कॅमशाफ्ट बसविला असला तर तो खालीं राहून थरथरतोहि. हेतु अनैकांतिक ठरला! निर्णयासाठीं अन्वय-व्यतिरेकच हवा. एकेक नळी काढून तिच्या जागचें तोंड बंद करावें. बंद करतांच कांटा चढला व फुसफुस थांबली, तर दोष त्याच शाखेंत आहे असें समजावें आणि पुढील सांधे तपासावे. तापलेल्या यंत्रावर ज्वालाग्राही द्रव फवारून गळती शोधण्याची चाल मात्र टाळावी. तींत आगीचें भय आहे. फिरत्या पंख्याजवळ सैल बाहीहि नको.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा ब्रेकची. ज्या गाडींत ब्रेकला पोकळीचें साहाय्य आहे, तेथें यंत्र बंद ठेवून पायटा चारपांच वेळां दाबावा, म्हणजे सांठलेली ओढ संपते. नंतर पाय तसाच ठेवून यंत्र सुरू करावें. पायटा किंचित् खालीं गेला तर साहाय्य मिळत आहे. न गेला तर दोष निघेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊं नये. दिवा न उघडल्यास तो लगेच दिसतो. ब्रेकचें गेलेलें बळ मात्र ऐन संकटांतच कळतें.

तात्पर्य, महाग कार्ब्युरेटर बदलण्यापूर्वीं स्वस्त नळी तपासावी. वैद्यानें औषधाआधीं नाडी पाहावी, हाच नियम येथेंहि लागू आहे.