वंशविच्छेद : गुन्हा आणि शब्द

आज प्रत्येक युद्धाच्या बातमीत कोणीतरी कोणावर तरी ज्याचा आरोप करतो, तो ‘जेनोसाईड’ हा इंग्रजी शब्द जेमतेम आठ दशकांचा आहे. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲक्सिस रूल इन ऑक्युपाईड युरोप’ या ग्रंथात राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने तो प्रथम मांडला. वंश या अर्थाचा ग्रीक ‘जेनोस’ आणि वध या अर्थाचा लॅटिन ‘साईड’ यांचा हा संकर. भाषाशुद्धीच्या आग्रहींनी नाक मुरडावे असाच!

या शब्दाची बीजे १९२१ सालात आहेत. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा सूत्रधार, उस्मानी साम्राज्याचा माजी मंत्री तलत पाशा याला एका आर्मेनियन तरुणाने बर्लिनच्या रस्त्यावर गोळी घातली. तरुणावर खटला उभा राहिला. मग तलतला अटक का झाली नव्हती, असे विद्यार्थी लेमकिनने आपल्या प्राध्यापकांना विचारले. शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर शेजाऱ्याने मध्ये पडायचे नसते, असे उत्तर मिळाले. सार्वभौमत्वाचा तत्कालीन अर्थ तोच होता. पुढे नाझींच्या संहारात लेमकिनचे ४९ आप्त नाहीसे झाले.

९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने या गुन्ह्याविरुद्धचा करार संमत केला. त्यातील व्याख्येचा प्राण हेतू हा आहे. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह, समूह म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. त्यासाठी रक्तच सांडावे लागते असे नाही. जन्म रोखणे किंवा मुले हिरावून दुसऱ्या समूहात घालणे हेही त्यात येते. मराठी वृत्तपत्रे मात्र सर्रास ‘नरसंहार’ लिहून मोकळी होतात. त्यातून पुष्कळ माणसे मेली एवढेच कळते. ती कोण म्हणून मारली गेली, हे कळत नाही. ‘वंशविच्छेद’ त्यातल्या त्यात जवळचा, जरी धर्मसमूह त्यात नीटसा सामावत नाही.

हा शब्द वेळेवर उच्चारायला धैर्य लागते. २८ मार्च १९७१ रोजी ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी पाकिस्तानी लष्कराच्या कृत्यांविषयीच्या तारेला ‘निवडक वंशविच्छेद’ असा मथळा दिला. पाकिस्तानच्या मध्यस्थीने चीनचे दार उघडू पाहणाऱ्या वॉशिंग्टनला तो रुचला नाही. ब्लड यांना ढाक्यातून हलवण्यात आले. त्याच वर्षी १३ जूनला लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने बेळगावात जन्मलेल्या अँथनी मस्करेन्हस यांचा वृत्तांत ‘जेनोसाईड’ या एकाच शब्दाच्या मथळ्याखाली छापला. त्याआधी त्यांना कुटुंबासह पाकिस्तान सोडावे लागले होते.

आणि भारत? भारताने या करारावर १९४९ मध्ये स्वाक्षरी केली व २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. दुसऱ्याच दिवशी लेमकिन न्यूयॉर्कमध्ये निवर्तला. कराराप्रमाणे देशांतर्गत कायदा करणे हे बंधन होते. तो झाला नाही. १९८४ च्या शीख हत्याकांडातील एका अपिलाचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवली आणि ती तातडीने दूर करण्याची गरज सांगितली. त्यानंतर संपूर्ण दंडविधान नव्याने लिहिले गेले. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही या गुन्ह्याचे स्वतंत्र कलम नाही.