आधी अहवाल, मग हात

मी मुंबईच्या गोदीतला हमाल. मॅट्रिकला विज्ञानात कसेबसे पास. तरी ऐका.

माय कंधारची, बाप देवणीचा. नांदेडची लाल कंधारी, लातूरची देवणी. बाजारात दोघींचा रुबाब वेगळा, जात वेगळी. पण प्रयोगशाळेला दोन्ही एकच: गाय-बैल. म्हैस तेवढी निराळी. मटणाच्या तुकड्यातून डीएनए काढायचा, सायटोक्रोम-बी नावाचा जनुक वाचायचा. एकेका पेशीत त्याच्या शेकड्यांनी प्रती, म्हणून शिजलेल्या कालवणातूनही बहुधा सापडतो. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली नाना प्राण्यांना चालेल अशी रीत छापली.

मला हे यंत्र आवडतं. ते आडनाव विचारत नाही. आडनाव विचारतो नाक्यावरचा दांडकेवाला. महाराष्ट्रात २०१५ ला बैलही बंद झाला. म्हैस-रेडा दाखल्यानं चालतो. म्हणजे म्हैस की बैल, एवढ्यावर माणसाची कोठडी ठरते. मग साला, वास घेऊन कलम कसं लावता? अहवाल येईस्तोवर पोरगं आत सडतं. उत्तर प्रदेशात, दादरीला, २०१५ मध्ये अखलाकला आधी ठार केलं, मटण मागाहून प्रयोगशाळेत गेलं.

आणि कापलं की आपसूक मेलं, हे डीएनए सांगत नाही. आमची आजी पडलेल्या ढोराच्या चान्या वाळत घालायची. २०१६ ला गुजरातेत, उन्याला, मेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून झोडपलं. तिथं कुठला अहवाल मागितला कुणी?

नमुना न्या, खुशाल न्या. कागद येईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही.