दोन बाय दीडची जहागीर

आमच्या घरात शोकेसला चार फूट जागा आहे, देव्हाऱ्याला दोन फूट आहे, आणि फ्रिजच्या पाठीला वारा लागावा म्हणून सहा इंच वेगळी सोडलेली आहे. पण मी सोल्डरिंग करायला दोन फूट बाय दीड फूट जागा मागितली, तेव्हा सगळं घर असं दचकलं, जणू मी कोल्हापूर संस्थान परत मागतोय! माझं भांडण या दचकण्याशी आहे.

गडमुडशिंगीत आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना शोकेसमधले कप किणकिणतात. त्या कपांचा आजवर झालेला हा एकमेव उपयोग. चोवीस कप आहेत. पैकी एकातूनही कधी कोणी चहा प्यालेलं नाही, कारण ते ‘पाहुण्यांसाठी’ आहेत, आणि पाहुणे आले की म्हणतात, ‘‘अहो, ते चांगले कप कशाला काढता?’’

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झाल्यावर जुना नाद वर आला. शेजारचे एलईडी बल्ब, मिक्सर, कुणाच्या शेतातल्या मोटरचा मोबाईल ऑटो (घरातून फोन केला की मोटर सुरू करणारा डबा), सगळं माझ्याकडे यायला लागलं. नवीन डब्याचे पैसे शेतकऱ्याला जड जातात आणि बिघाड बहुतेक वेळा एका फुगलेल्या कपॅसिटरचा असतो. केंद्र सरकारनंसुद्धा 2022 च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ म्हणून संकेतस्थळ काढलं. म्हणजे दुरुस्तीचा हक्क दिल्लीला मान्य आहे. हरकत फक्त आमच्या हॉलमध्ये आहे.

सल्ले मात्र फुकट मिळतात. पहिला सल्ला सर्वांचा एकच: ‘‘जेवणाच्या टेबलावर करा की!’’ आता सांगतो, सोल्डरच्या 63-37 तारेत 63 भाग कथील असतं आणि 37 भाग शिसं. शिशाचे बारीक कण आणि बाजरीची भाकरी एका टेबलावर नांदू नयेत. शिवाय फ्लक्समधल्या राळेचा धूर. वर्षानुवर्षं नाकात गेला तर दमा लागतो. हे मी घरात मोठ्यानं सांगितलं. परिणाम उलटाच झाला. ‘‘मग घरात करूच नका,’’ असा ठराव एकमतानं पास झाला.

दुसरा सल्ला आमच्या पुण्याच्या मेव्हण्यांचा. हे गृहस्थ आधी सामान घेतात आणि मग छंद शोधतात. ते म्हणाले, ‘‘दाजी, प्रॉपर वर्कबेंच घेतल्याशिवाय सुरुवातच करू नका. अमेरिकेत बघा, एका गॅरेजमधून केवढ्या कंपन्या उभ्या राहिल्या!’’ बघितलं. ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघांनी 1939 साली पालो आल्टोच्या ज्या गॅरेजात कंपनी थाटली ते बारा फूट बाय अठरा फूट होतं. भांडवल 538 डॉलर. तिथं केलेल्या ऑसिलेटरचे आठ नग डिस्नेनं ‘फँटेसिया’ सिनेमासाठी घेतले. सगळं कबूल. पण बारा बाय अठरा म्हणजे आमचा हॉल आणि त्यावर बाहेरचा कट्टा! आणि अमेरिकेत कशाला जायचं? आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ‘आधी प्रॉपर वर्कबेंच’ म्हणत ते थांबल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण माणूस मोहाला बळी पडतो. मेव्हण्यांच्या आग्रहानं मी एक घडीचं टेबल मागवलं. चाकं, खटके, उंची कमीजास्त करायचा दांडा. जाहिरातीत त्याच्याशेजारी एक तरुणी हसत उभी होती. ती का हसत होती ते मला नंतर कळलं.

ते टेबल हलायचं. फार नाही, साधारण होकार देताना मान हलते तेवढंच. पण सोल्डर 183 अंशाला वितळतं आणि परत घट्ट होत असताना त्या क्षणभरात जोड हलला, की वरून जमल्यासारखा दिसतो आणि आतून सुटा राहतो. मेकॅनिक लोक त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. असा एक जोड माझ्या हातून एका शेतकऱ्याच्या डब्यात गेला. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. हा बिचारा घरातून फोन करतोय, मोटर काही चालू होईना. शेवटी दोन वाजता बॅटरी घेऊन ऊस तुडवत विहिरीवर गेला. सकाळी दारात येऊन एवढंच म्हणाला, ‘‘मास्तर, रात्री पायाजवळनं जनावर गेलं बघा.’’

साप म्हणायचं त्यानं टाळलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी ते टेबल त्याच दिवशी घडी करून माळ्यावर टाकलं.

तेव्हापासून घडीच्या, चाकाच्या, खटक्याच्या प्रत्येक टेबलाचा मी जाहीर शत्रू आहे. जागा लहान असेल तर टेबल लहान करा, पण त्याला सांधे देऊ नका! फळी भिंतीत अँगल मारून पक्की बसवा. लोखंडी पत्रा वर नको. उघडं सर्किट त्यावर टेकलं की शॉर्ट झालंच. उंची जेवणाच्या टेबलापेक्षा चार बोटं जास्त, म्हणजे पाठीचा धनुष्य होत नाही. कडेला अर्ध्या इंचाची पट्टी मारा, नाहीतर म्हातारपण स्क्रू शोधण्यात जाईल. खिडकी जवळ, धूर ओढून घेणारा छोटा पंखा, आणि बोर्डाला खरंखुरं अर्थिंग. माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. काही नाजूक भाग शंभराच्या आतच राम म्हणतात. म्हणजे आपण त्यांना मारतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. एवढं सगळं दोन बाय दीडमध्ये बसतं. मीटर, तारा वरच्या फळीवर.

सुतार आला. भिंत बघून म्हणाला, ‘‘बसतंय की! पर त्या शिलाई मशीनचं टेबल हाय न्हवं? बिडाचं पाय हाईत, हत्ती बसला तरी हलायचं न्हाई. त्येच्यावरच फळी टाकू.’’

कल्पना अप्रतिम होती. मी उत्साहानं आत बघितलं. सौ. दारात उभी होती.

‘‘अहो, त्या मशीनवर मी अठरा वर्षं गावाचे ब्लाउज शिवलेत. तुमचा पगार महिनोन्महिने अडकला होता तेव्हा किराणा त्या मशीननं भरलाय. मी तुमच्याकडे कधी जागा मागितली होती का? खिडकीजवळ बसू का म्हणून विचारलं, तर उजेड अडतो म्हणालात. मी आतल्या खोलीत बल्बखाली शिवलं.’’

इतकी मुद्देसूद भाषणं मी वादविवाद स्पर्धेतही ऐकली नव्हती. ‘घरातलं काम आणि त्याची जागा’ या विषयावर महिनाभर चाललेलं माझं व्याख्यान तिथं संपलं. सुतार टेपची पट्टी उगीच आतबाहेर करत राहिला.

‘‘मग शोकेस काढा,’’ मी म्हणालो.

‘‘काढा,’’ ती म्हणाली. ‘‘मला कधीच आवडलं नव्हतं. तुमच्या आईंनी घेतलेलं.’’

शोकेस गेलं. चार फुटांची वाटणी झाली. खिडकीला लागून मशीन, त्याच्या उजव्या हाताला माझी फळी. तिनं माझं भिंगाचं दिव्याचं स्टँड पहिल्याच दिवशी सुई ओवायला ओढून घेतलं. मी मागतो तेव्हा ती म्हणते, ‘‘थांबा, काज चाललंय.’’ कप आता रोजच्या वापरात आहेत. आठ फुटले. एक माझ्याकडे आहे, त्यात स्क्रू ठेवतो.