‘मियां’ : मानाचा शब्द शिवी कसा झाला?

मराठवाड्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ‘क्या मियां, कैसे हो?’ अशी हाक ऐकू येते. त्यात आपुलकी असते. फारसी-उर्दूतून आलेल्या या शब्दाचा अर्थ साहेब, घरधनी. नवरा-बायकोला आपण ‘मियां-बीवी’ म्हणतो. तानसेनही ‘मियां तानसेन’, आणि त्याच्या नावाचा राग ‘मियां मल्हार’.

आसाममध्ये मात्र हाच शब्द ‘मिया’ होऊन शिवी बनला. इंग्रजांच्या काळात मैमनसिंग, रंगपूरकडचे बंगाली मुसलमान शेतकरी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात वस्तीला आले. नदीतल्या वाळूच्या बेटांवर, म्हणजे ‘चर’ भागात, त्यांनी शेती उभी केली. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातल्या अनेकांनी जनगणनेत मातृभाषा असमिया लिहून दिली. तरीही ‘मिया’ म्हणजे ‘बांगलादेशी घुसखोर’ हा अर्थ चिकटला तो चिकटलाच.

२०१६ मध्ये हाफिज अहमद यांनी हेच नाव उघडपणे घेऊन कविता लिहिली. पाठोपाठ तरुण लिहू लागले आणि ‘मिया कविता’ ही चळवळ झाली. २०१९ मध्ये अशाच एका कवितेवरून दहा जणांवर गुन्हा नोंदवला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोलपाडा जिल्ह्यात ‘मिया संग्रहालय’ उघडलं. ते दोनच दिवसांत सील झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये तर मुख्यमंत्री हिमंता बिस्वा सरमा विधानसभेतच म्हणाले की, ‘मियां’ना आसाम ताब्यात घेऊ देणार नाही.

धोका इथेच आहे. ‘घुसखोर’ म्हटलं तर पुरावा द्यावा लागतो. कागद, ट्रिब्युनल, कोर्ट आलं. ‘मिया’ म्हटलं की काहीच सिद्ध करावं लागत नाही. पिढ्यानपिढ्या इथलाच असलेला नागरिकसुद्धा त्या एका शब्दात परका ठरतो. नाक्यावरची बोली सत्तेच्या तोंडी गेली की असं होतं.

आपल्याकडेही ‘मियां मूठभर, दाढी हातभर’ ही म्हण आहेच. ती हसण्यावारी जाते. पण शाळेत पोराला त्याच्या नावाऐवजी ‘ए मियां’ अशी हाक पडू लागली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. शिक्षकांना शांतपणे भेटा. पोराला मात्र या शब्दाची लाज वाटू देऊ नका, त्याला तानसेन सांगा. आणि आपल्याच घरात इतर जाती-धर्माच्या माणसांना आपण कोणत्या नावाने बोलतो, तेही एकदा कान देऊन ऐका.