सामाईक संकेतस्थळ-प्रणाली : आक्षेपाचे उत्तर


सामाईक आशय-व्यवस्थापन प्रणालीमुळे, म्हणजे अनेक कार्यालयांना एकाच पायावर संकेतस्थळे चालवू देणाऱ्या व्यवस्थेमुळे, खात्यांची स्वायत्तता संपते, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा आक्षेप टिकणारा नाही. ऑस्ट्रेलियाच्या वित्त विभागाने २०१५ मध्ये सुरू केलेली ‘गव्हसीएमएस’ ही सेवा ड्रुपल या मुक्तस्रोत, म्हणजे मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेल्या, प्रणालीवर उभी असून, तीत मजकूर ज्या-त्या खात्याच्या हाती राहतो आणि सुरक्षेची दुरुस्ती मध्यवर्ती पातळीवर होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या चौकटीवरील महाराष्ट्रातील जिल्हा संकेतस्थळांमागेही हेच तत्त्व आहे. सामाईक पायातील दोष सर्वांना बाधतो हे खरे. परंतु तंत्रज्ञ नसलेल्या लहान कार्यालयाचे दुरुस्तीविना पडलेले संकेतस्थळ नागरिकांना त्याहून घातक ठरते, आणि तेथे स्वायत्ततेचा दाखला देणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय.
– एक वाचक